एका घासानं काय होतंय?

आज डोकं फिरलंय, त्यामुळं लांबलचक लिहिणार आहे. कंटाळा असेल त्यांनी पुढं सरका.

बेळगावच्या अनगोळात वास्तुशांतीचं जेवण होतं. माझी नऊ वर्षांची भाची पंगतीत बसलेली. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. वाढप्यानं कोशिंबिरीचा चमचा पुढं केला तर तिनं ताटावर हात आडवा धरून विचारलं, "काका, यात शेंगदाण्याचं कूट आहे का?" एवढंच. शेजारच्या काकू हसल्या. "काय नखरे करूलालेत आताची पोरं! खा गं, एका घासानं काय होतंय?" आणि स्वतःच्या ताटातली भरल्या वांग्याची फोड उचलून तिच्या ताटात टाकली. ताईनं ताट बाजूला घेतलं तर वर तिलाच ऐकवलं, "तुम्हीच भ्या घालून ठेवलंय पोरीला."

एका घासानं काय होतं ते आम्ही खानापुरात बघितलंय. नात्यातलंच लग्न होतं, ह्याच पोरीच्या तोंडात अर्धा चमचा कोशिंबीर गेली असेल. आधी ओठ खाजतायत म्हणाली. मग मानेवर गांधी उठल्या. बायकांनी "पित्त उठलंय" म्हणून आमसुलाचं पाणी आणलं. आणलं त्यांनी मायेनंच, साध्या गांधींना त्यानं बरंही वाटतं. पण तोवर खोकला सुरू झाला, उलटी झाली, आणि आवाज घोगरा झाला. कुणीतरी पर्समधून सेट्रिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, काढली. ताईनं कुणाचंच ऐकलं नाही, पोरीला उचललं आणि गाडीत घातलं. डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि सरळ मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. श्वास मोकळा झाला. तरी रात्रभर ठेवून घेतलं, कारण एकदा ओसरलेला त्रास काही तासांनी पुन्हा उसळू शकतो.

ती गोळी खाज कमी करते हो, पण सुजलेला घसा उघडत नाही आणि पडलेलं बीपी वर आणत नाही. ते काम ॲड्रेनालिनचं.

"मागच्या वेळी खाल्लं तेव्हा कुठं काय झालं होतं?" हा दुसरा लाडका प्रश्न. अहो, ॲलर्जी अशीच येते. गल्लीतलं कुत्रं पोस्टमनला चोर समजतं तसं शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. पुढं कधीतरी तोच पदार्थ पोटात गेला की हिस्टामिन नावाचं रसायन आणि काय काय एकदम बाहेर पडतं आणि अंग सुजायला लागतं. म्हणून मागची वेळ पुढच्या वेळेची हमी देत नाही.

माझ्या बाबांना शेतातल्या काँग्रेस गवतानं हात, मान, पापण्या सोलून निघेपर्यंत त्रास होतो. त्यांना कुणी नखरे म्हटलेलं मी ऐकलं नाही. तो प्रकार वेगळा, हळूहळू उठणारा, पण कातडी दिसते ना! पोरीचं काही दिसत नाही, म्हणून ती लाडावलेली. वा!

आता मान्य करते, हल्ली न आवडणाऱ्या प्रत्येक भाजीला लोक ॲलर्जी म्हणतात. दूध पचत नाही तीही ॲलर्जी, कारलं नको तीही ॲलर्जी. त्यानं खऱ्यांची किंमत गेली. आणि हो, तान्हेपणापासून शेंगदाणे पोटात गेले तर ही ॲलर्जी होण्याची शक्यता कमी होते, हे २०१५ साली लंडनच्या अभ्यासात दिसलंय. काकू, तेवढं तुमचं बरोबर. पण ते ॲलर्जी झालेली नसताना! झाल्यावर सवय लावायची तर तज्ज्ञ डॉक्टर मिलिग्रॅममध्ये मोजून, समोर बसवून देतात. पंगतीत वांग्याची फोड टाकून नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. काकू वाईट नाहीत. आपल्याकडं माया ताटातच वाढतात, आणि बेळगावात शेंगा चटणीशिवाय भाकरी उतरत नाही, त्यामुळं शेंगदाणा विषासारखा असू शकतो हे पटणं अवघड आहे. पण त्या दिवशी खानापुरात गाडीच्या मागच्या सीटवर ताई पोरीचे निळसर ओठ बघत होती. ते आठवलं की पुन्हा डोकं सटकतं. नऊ वर्षांच्या पोरीला एवढं कळतं की खायच्या आधी विचारावं, आणि आपण चारचौघांत तिला हसतो? उद्या लाजून ती विचारायची थांबली तर?

एखाद्याचा जेवताना ओठ, जीभ सुजली, आवाज बदलला, धाप लागली, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका. आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. धाप फार असेल तर बसू द्या, पण उठवून चालवू नका. १०८ ला फोन लावा. ज्यांना डॉक्टरांनी ॲड्रेनालिन देऊन ठेवलंय त्यांनी ते आधी मांडीत टोचायचं, फोन नंतर.

आणि ज्यांच्या घरी कार्यं आहेत त्यांना एक विनंती. आचाऱ्याला विचारून कूट, काजू, तीळ कशाकशात आहेत ते एका पाटीवर लिहून पंगतीजवळ लावा. पाटी मराठीत की कन्नडमध्ये, ते भांडण आपण जेवणं झाल्यावर करू.