गॅस संपत नाही, गळतो

मार्च लागला की सोलापुरात दोन गोष्टी न चुकता येतात. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आणि मोबाइलवर एसीचा तो मेसेज. यंदा मला तो सात जणांनी पाठवला, त्यातले तिघे माझेच गिऱ्हाईक. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात देतो:

"उन्हाळा आला, सावध व्हा! १) गाडीच्या एसीचा गॅस वर्षभरात संपतो, दर मार्चमध्ये भरून घ्या. २) गार कमी म्हणजे गॅस कमी, थोडा जास्तच भरा, जास्त गार होईल. ३) गाडीत बसल्याबरोबर एसी लावू नका, तापलेल्या डॅशबोर्डमधून बेंझिन निघतं, त्याने कॅन्सर होतो. ४) थंडीत एसी लावू नका, कॉम्प्रेसर झिजतो, हीटर तर लावूच नका, पेट्रोल दुप्पट जातं. ५) एसीचा गॅस महाग आहे, सिलिंडरचा गॅस भरला तरी तेवढंच गार होतं. जनहितार्थ."

मी सोळा वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम करतोय. हा मेसेज लोकांनी मनावर घेतला तर माझा धंदा दुप्पट होईल, तेव्हा मी खरं तर गप्प बसायला पाहिजे. पण पाचवा मुद्दा वाचल्यावर गप्प बसवलं नाही.

पहिल्यापासून घेतो. एसीचा गॅस हे इंधन नाही. पेट्रोल जळतं आणि संपतं, एसीचा गॅस बंद नळ्यांमधून नुसता फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरच्या पुढ्यात असलेल्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचं पाणी होतं (पाणी म्हणजे गॅसच, पातळ झालेला), एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुढे गेला की दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डच्या मागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळताना आतल्या हवेतली उष्णता ओढून घेतो. बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो, म्हणून ही करामत जमते. छोट्या गाडीत तो चारशे-पाचशे ग्रॅम असतो आणि तोच पुन्हा पुन्हा फिरतो. रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाला थोडासा झिरपतो, हे कबूल. त्यामुळे पाच-सहा वर्षांनी थोडा कमी झालेला सापडला तर नवल नाही. पण मागच्या मार्चला भरलेला या मार्चला गायब असेल, तर कुठेतरी भोक आहे.

अक्कलकोटचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी चौदा महिन्यांत तीन वेळा गॅस भरून घेतला होता, माझ्याकडे नाही, दुसरीकडे. दर वेळी गेज (दाब मोजायचा काटा) लावायचा, "कमी आहे" म्हणायचं, बाटली उपडी करायची, दहा मिनिटांत गाडी बाहेर. माझ्याकडे आले तेव्हा मी बॉनेट उघडून आधी नुसता टॉर्च मारून बघितलं. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, डाव्या बाजूला, आठ आण्याच्या नाण्याएवढा काळा चिकट डाग. बाकी सगळीकडे सोलापूरची कोरडी धूळ आणि तेवढ्याच जागी ओली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथून थोडं तेलही येतं आणि त्यावर धूळ बसते. नायट्रोजन भरून दाब दीडशे पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप) नेला आणि साबणाचा फेस लावला. डागावर बारीक बुडबुड्यांची रांग उठली. खडी उडून लागली असणार. पण दुसरी गंमत वेगळीच होती. गॅस भरायच्या तोंडावर टोपण नव्हतं, आणि तिथल्या पिनवर एक बुडबुडा अगदी सावकाश, पोरं च्युइंगमचा फुगवतात तसा, फुगत होता. टोपण कुणी काढलं आणि परत लावलं नाही, हे सांगायला नको.

गुरुजी वाकून बघत होते. म्हणाले, "म्हणजे तीन वेळा मी भोकाला गॅस पाजला की!"

कंडेन्सर, पिन, ओरिंग (सांध्यातली रबरी कडी) आणि ड्रायर (ओल शोषणारी डबी) बदलला, पाऊण तास व्हॅक्यूम मारला, वीस मिनिटं काटा जागचा हलत नाही ना ते बघितलं, आणि बॉनेटच्या स्टिकरवर लिहिलेला ४५० ग्रॅम गॅस वजन करून भरला. व्हॅक्यूम म्हणजे नुसती हवा काढणं नव्हे. आत ओल राहिली असेल तर तिची वाफ होऊन ती निघून जायला वेळ लागतो. राहिलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होऊन बसते आणि एसी कधी गार, कधी गरम असा लपंडाव सुरू करतो. शिवाय तेलाबरोबर मिळून आतून सगळं खाते. पाच मिनिटांच्या व्हॅक्यूमने यातलं काही होत नाही.

आणि त्या "गेज लावला, कमी आहे" बद्दल. गाडी बंद असताना गेजवरचा दाब हा बाहेरच्या तापमानाचा असतो. आत पातळ गॅसचा एक थेंब शिल्लक असेपर्यंत ३० अंशांना तो सत्त्याण्णवच्या आसपास आणि ४० अंशांना १३० पीएसआयच्या थोडा वर असतो, मग आत २०० ग्रॅम असो की ५००. बंद गाडीला गेज लावून गॅस किती आहे हे सांगणारा माणूस हात न लावता ताप सांगणाऱ्यातला. इंजिन आणि एसी चालू ठेवून कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचे दाब एकत्र बघावे लागतात, आणि खात्रीच पाहिजे तर गॅस काढून घेऊन वजन करावं लागतं.

दुसऱ्या मुद्द्यात जरा रेंगाळतो, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. "गार कमी म्हणजे गॅस कमी." माझ्याकडे गार होत नाही म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांत गॅस पुरेसा असतो.

जुळे सोलापुरातला एक पोरगा रोज चिंचोळी एमआयडीसीला जातो. त्याची तक्रार अशी: पुणे हायवेला लागलं की गारेगार, आणि परत येताना सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं की गरम हवा. दोनदा गॅस भरून झाला होता. मी गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली, एसी लावला, आणि पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर दोन मग पाणी ओतलं. अर्ध्या मिनिटात आतली हवा गार. निदान तिथेच झालं. हायवेला वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीत तो पंख्याने द्यावा लागतो, आणि याचा पंखा फिरतच नव्हता. मोटरचे ब्रश संपलेले. पंखा बंद असला की कंडेन्सरमध्ये गॅस थंड होत नाही, दाब चढत जातो, आणि शेवटी प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच बंद पाडतो. त्यात वरून जास्त गॅस भरला होता, म्हणजे दाब आणखी वर. "थोडा जास्तच भरा" यातला घोळ हाच आहे. जादा गॅसला कंडेन्सरमध्ये जागा राहत नाही, गारवा उलट कमी होतो, आणि पातळ गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर कॉम्प्रेसर फुटतो. मी त्याचा जादा गॅस काढला आणि मोटर बदलली, एवढंच.

हे पाण्याचं घरी करून बघता येतं. फक्त पंख्यात हात घालू नका, तो कधीही सुरू होतो.

बाकीची कारणं भराभर सांगतो. हवाच कमी येते, पण येते ती गार आहे? ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून बघा. यंत्रमागाच्या भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरमधून मी धुळीसोबत सुताचा भुसा काढलाय, मूठभर. तासभर छान चालतो, मग हवा येणंच कमी होतं, आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा ठीक? कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय, सेन्सर किंवा पुन्हा तोच फिल्टर. उसाच्या ट्रॉलीमागून गाडी चालवणाऱ्यांच्या कंडेन्सरवर पाचट आणि किडे बसतात, ते साध्या पाण्याने धुवा. वॉशिंगवाल्याची जोराची पिचकारी जवळून मारली तर पात्या आडव्या होतात आणि हवा जायची वाटच बंद होते. कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा मॅग्नेट क्लच टक करून लागतोय का हे कान देऊन ऐका. आणि गाडीखाली पाणी टपकतंय म्हणून घाबरून येऊ नका, ते टपकलंच पाहिजे. हवेतली ओल आहे ती. टपकायचं थांबलं आणि पुढच्या सीटखालची मॅट ओली झाली, तर मात्र या.

तिसरा मुद्दा, बेंझिन. याचं मूळ एक जुनं इंग्रजी फॉरवर्ड आहे, त्यात "चौरस फुटाला इतके मिलिग्रॅम बेंझिन" असे आकडे असतात. हवेतला वायू चौरस फुटात कोण मोजतं? हवा काय फरशी आहे? बेंझिनने कॅन्सर होतो हे खरं आहे, पण गाडीत ते येतं मुख्यतः पेट्रोलच्या वाफेतून आणि रस्त्यावरच्या धुरातून. तापलेलं प्लॅस्टिक वास सोडतं, हेही खरं, पण त्या आकड्यांना आधार नाही. गंमत म्हणजे सल्ला अर्धा बरोबर आहे, कारण चुकीचं. मे महिन्यात सिद्धेश्वर मंदिराबाहेर तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या आसपास गेलेला असतो. दारं उघडा, काचा खाली करा, आतली भट्टीची हवा बाहेर जाऊ द्या, एसी लगेच लावा, आणि मिनिट-दोन मिनिटांनी काचा वर करून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. बाहेरची ४२ अंशांची हवा पुन्हा पुन्हा थंड करण्यापेक्षा आतली, तिशीत आलेली हवा थंड करणं सोपं. आणि कितीही घाई असली तरी लेकराला "दोनच मिनिटं" म्हणून गाडीत ठेवून जाऊ नका. बेंझिनची भीती घालणाऱ्या मेसेजात हे एक वाक्य असायला हवं होतं.

आता पाचवा, चौथा शेवटी घेतो. सिलिंडरचा गॅस एसीत भरला तर गार होतं का? होतं. प्रोपेन आणि ब्यूटेन हे चांगले थंड करणारे वायू आहेत. घरच्या नव्या फ्रिजमध्ये त्याच जातीचा आर-६००ए असतो. पण फ्रिजमध्ये तो पन्नास-साठ ग्रॅमच्या घरात असतो आणि फ्रिज त्याच हिशोबाने बनवलेला असतो. गाडीत कूलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यासमोर आहे. तिला भोक पडलं तर गॅस बंद काचांच्या केबिनमध्ये येणार, जिथे कुणीतरी काडी ओढतोच. कंडेन्सर गाडीच्या नाकात आहे, पहिली ठोकर त्यालाच, आणि मागे तापलेलं इंजिन. आर-१३४ए असं पेट घेत नाही, म्हणून तर तो निवडला. असा गॅस भरलेली गाडी माझ्यासारख्याकडे आली तर मला कळायला मार्ग नसतो. मी नेहमीसारखी ती गॅस काढायच्या-भरायच्या मशीनला लावणार, आणि मशीनच्या टाकीतला गॅस नासणार, तो पुढच्या गाडीत जाणार. माझ्या दुकानात कुणी हे करा म्हणालं तर मी बॉनेट बंद करून चावी हातात देतो. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ आहे, तो महाग आहे हे मान्य, पण त्याची तोंडंसुद्धा वेगळी केलेली आहेत ती उगाच नाही.

चौथा. थंडीत एसी बंद ठेवला तर कॉम्प्रेसर वाचत नाही, सुकतो. तेल गॅसबरोबर फिरतं हे वर सांगितलं. चार महिने फिरलंच नाही तर शाफ्टचं सील कोरडं पडतं आणि उन्हाळ्यात तिथूनच गळायला लागतं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतसुद्धा आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लावा. पावसाळ्यात काचेवर धुकं धरतं तेव्हा एसी आणि हीटर दोन्ही एकत्र लावा. एसी ओल काढतो, हीटर काच सुकवतो.

आणि हीटरने पेट्रोल जात नाही. इंजिनातलं ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी (कूलंट) एरवी रेडिएटरमधून उष्णता वाया घालवतं, त्यातलंच थोडं डॅशबोर्डमागच्या छोट्या हीटर कोअरमधून फिरवलं जातं. जादा खर्च ब्लोअरच्या विजेचा. तुळजापूरच्या घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लालकडे जायला लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल्ल, काचा खाली. घाम फुटेल, पण दुसरा रेडिएटर मिळाल्यासारखं होतं, थांबायची जागा येईपर्यंत निभतं. हीटर गरम होत नसेल तर आधी गाडी थंड असताना कूलंट बघा. मग इंजिन गरम झाल्यावर हीटरच्या दोन्ही पाइपांना जपून हात लावा: एक गरम, एक गार म्हणजे कोअर तुंबलेला. कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतणाऱ्यांच्या कोअरमध्ये घागरीच्या तळाला बसतो तसा पांढरा थर निघतो.

ते गुरुजी दोन वर्षांनी परत आले, गेल्या डिसेंबरात. या वेळी हीटर कोअर फुटला होता; मॅट ओली, पण पाणी चिकट आणि गोडसर वासाचं. त्यांच्या गाडीत तो काढायला डॅशबोर्ड खोलून कूलिंग कॉइलही सोडवावी लागते, म्हणून आधी एसीचा गॅस मशीनमध्ये काढून घेतला. ४५० भरला होता, ४३० निघाला. मशीनच्या काट्यात दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे होतात. गुरुजींनी चष्मा वर करून आकडा वाचला आणि खिशातला मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. "मेसेज मलाही येतात," म्हणाले.