पेपर ढकलला, तिकिटाचं काय?

सकाळी पुण्याहून पुतणीचा फोन आला. "काका, तिकीट रद्द करू का?" धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी संपणारी तिची परीक्षा आता भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी संपणार. विद्यापीठाचं सुधारित वेळापत्रक काल रात्री मोबाइलवर आलं, आणि कारण लिहिलंय 'अपरिहार्य'.

पोरगी रडत नव्हती, पण मला 2003 आठवलं.

तेव्हा मीही पुण्यात होतो. पेपर ढकलल्याचा चार ओळींचा कागद बोर्डावर लागला. घरी फोन नव्हता, गावात निरोपासाठी दुकानदाराचा पीपी नंबर होता, त्याच्याकडे निरोप ठेवला. निरोप घरी पोचलाच नाही. बाबा नऊ किलोमीटर सायकल मारत भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या एसटी स्टँडवर आले आणि भंडाऱ्याकडून येणारी प्रत्येक गाडी बघत रात्रीपर्यंत थांबले. मी तेव्हा होस्टेलवर होतो. मेस बंद, अख्ख्या मजल्यावर आम्ही दोघं.

आता रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत ते 120 दिवस होतं. दिवाळीतली विदर्भाची गाडी उघडल्या उघडल्या भरते. आणि परीक्षेच्या तारखा कधी कळतात? पंधरा-वीस दिवस आधी! म्हणजे पोरांनी अंदाजावर तिकीट काढायचं आणि मग देवाला हात जोडायचे. अंदाज चुकला की तत्काळ. सकाळी दहाला एसी, अकराला स्लीपर, दोन मिनिटांत वेटिंग. त्यातही कन्फर्म मिळालेलं तत्काळ रद्द केलं तर एक रुपया परत नाही. ट्रॅव्हल्सवाल्यांनी एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये असा 2018 चा शासन निर्णय आहे. दिवाळीच्या आठवड्यात पुणे-नागपूरचं तिकीट काढून बघा, मग बोलू.

मान्य, परीक्षा विभागालाही अडचणी आहेत. प्रवेशच उशिरा होतात, निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावायचं कायद्याचं बंधन आहे.

पण पुतणीला ऑफिसात जे सांगितलं, त्याचा मला खरा संताप आहे. "मधे दिवाळीची सुट्टी आहेच की." अहो, सुट्टी कोणासाठी? ज्याचं घर हडपसरला आहे त्याच्यासाठी! साकोली 800 किलोमीटरच्या वर आहे. जाण्यायेण्यात दोन दिवस जातात, आणि भाऊबीजेच्या रात्री परत यायला तिकीट कुठून आणायचं? पुण्यात बसून तारखा ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भंडारा, गोंदिया, गडचिरोली नसतातच. पेपर एका दिवसाने सरकवणं त्यांच्यासाठी फक्त एक आकडा खोडणं आहे. आमच्याकडे एक माणूस स्टँडवर उभा राहतो.

आमच्याकडे दिवाळी लक्ष्मीपूजनाला संपत नाही. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, सुरू होते, रात्रभर झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाची, नाटकं, लेकी-पाहुण्यांनी घरं भरतात, शेतात धान कापणीला आलेला असतो. वर्षातले हे आठ-दहा दिवस. पोरं वर्षभर खोलीवर मॅगी खातात ती याच दिवसांच्या आशेवर.

माझं मागणं एवढंच आहे. आरक्षण उघडण्याआधी तारखा जाहीर करा आणि त्या पाळा. अगदीच बदलायच्या असतील तर दिवाळीच्या पलीकडे पूर्ण पंधरा दिवस सोडा.

2003 मध्ये मी शेवटी घरी गेलो तेव्हा बाबा रागावले नव्हते. "काही नाही बाबू, गाडी चुकली असन म्हणलं, पुढची पाहून जातो," एवढंच बोलले. पुढची, मग त्याच्या पुढची.

पोस्ट लिहितालिहिता त्यांचाच फोन आला. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. नात किती तारखेला उतरते, विचारत होते. अजून ठरलं नाही म्हणालो.

"ठरलं की सांग. मी स्टँडवर येतो."