मस्ती करत नव्हती, म्हणून कळायला उशीर झाला

परवा शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एका आईने लिहिलं, 'मुलाला एडीएचडी आहे असं म्हणतात, काय करू?' (एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं किंवा एका जागी स्थिर राहणं मुलाला जड जातं, अशी मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था.) पाच मिनिटांत सल्ल्यांची रांग लागली. मोबाईल काढून घ्या. चॉकलेट बंद करा. दोन फटके द्या, सुतासारखा सरळ येईल. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

माझी लेक पाचवीत आहे. ती कधी बाकावरून उठली नाही, कुणाला ढकललं नाही. बाई सांगायच्या, 'गुणी आहे हो, फक्त तंद्रीत असते.' जूनपासून दिवाळीपर्यंत चार वॉटरबॅग हरवल्या. गणितात रीत बरोबर, पण हातचा मिळवायचा राहून जायचा. पानापानावर लाल शाईत 'लक्ष दे'. संध्याकाळी सातला अर्ध्या तासाचा गृहपाठ घेऊन बसायची ती साडेनऊपर्यंत. बघावं तर शार्पनरमधून निघालेली पेन्सिलीची फुलं टेबलाच्या कडेला ओळीने लावलेली, आणि वहीत फक्त तारीख. मी ओरडायचे. चित्र काढायला दोन तास हलत नाहीस, मग अभ्यासालाच काय होतं तुला?

हाच सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो माझ्या घरात होता. लेकीला एडीएचडी आहे हे कळलं तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिकडे वळवणं आणि तिथे टिकवणं त्यांना जड जातं. आवडीच्या गोष्टीत ती बुडूनही जातात. शिवाय धावपळ न करणारा, नुसता हरवलेला असा एक प्रकार असतो. मुलींमध्ये तो जास्त दिसतो, आणि त्या कुणाला त्रास देत नाहीत म्हणून मागे पडतात.

मोबाईल आणि साखरेचं म्हणाल, तर हे वर्णन जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने लंडनमध्ये 1902 साली व्याख्यानांतून केलं होतं. तेव्हा कुठला मोबाईल? साखरेने हे होत नाही, हेही तपासून झालंय. आनुवंशिकतेचा वाटा मात्र मोठा आहे. डॉक्टरांनी घरातल्यांबद्दल विचारलं तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, 'ह्याचंही असंच होतं. दप्तर मैदानात टाकून यायचा, आणि मी बडवायचे त्याला.' नवरा खाली बघत राहिला. त्या दिवसापासून 'आई नोकरी करते म्हणून' हे वाक्य आमच्या घरात ऐकू आलं नाही.

औषधाला मीही घाबरले होते. यासाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट मुलाला गुंगीत ठेवतं असं लोक सांगतात, प्रत्यक्षात ते उत्तेजक वर्गातलं औषध आहे. त्याने भूक कमी होऊ शकते, म्हणून वजन-उंचीवर लक्ष ठेवतात. सगळ्यांना ते लागतंच असंही नाही. आणि एका भेटीत कुणी शिक्का मारत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालीत का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, सहा महिने तरी टिकलीत का, हे सगळं विचारतात.

आता ती पहिल्या बाकावर बसते. गृहपाठ दहा-दहा मिनिटांचा, मध्ये जिन्याच्या दोन फेऱ्या. हातचा लाल पेनाने, गोल करून. तरी गेल्या आठवड्यात पाचवी वॉटरबॅग गेली. मी ओरडले नाही.

त्या आईला मी वेगळा मेसेज केला. मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, सायन आणि नायरलाही आहे, पैशांची चिंता करू नकोस. ती म्हणाली, एकटीला भीती वाटते. मंगळवारी दोघी जातोय. मी रजा टाकली आहे.