गाडीच्या गंजावर लिंबू-मीठ चोळू नका

"पावसाळ्याआधी गाडीचा गंज घरच्या घरी घालवा, गॅरेजचे हजारो रुपये वाचवा" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. उपाय पाच: लिंबू-मीठ, कोला, टूथपेस्ट, नेलपॉलिश आणि गाडीच्या पोटाला जळकं इंजिन ऑइल. परवा मालवणहून मामांचा फोन आला. त्यांनी त्यांच्या जुन्या मारुती ८०० च्या मागच्या चाकावरच्या कमानीला लिंबू-मीठ थापून गाडी उन्हात लावली होती. आता गप्प बसणं शक्य नाही.

लिंबातलं आम्ल गंज सोडवतं, हे खरं आहे. गंजलेला पाना त्यात बुडवून, धुऊन, पुसून, तेल लावून ठेवता येतो. गाडीची कमान बुडवणार कशात? मीठ पत्र्याच्या जोडात आणि रंगाच्या सुटलेल्या कडेखाली शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. ते हवेतली ओल धरून ठेवतं. खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि लोखंड गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. खाऱ्या वाऱ्याने कोकणातल्या गाड्या सडतात म्हणून आपण हळहळतो, आणि तेच मीठ स्वतःच्या हाताने चोळायचं?

जहाजं, पूल, टाक्या रंगवणारे लोक मिठाला किती घाबरतात ते आयएसओ ८५०२ या मानकांत दिसतं. त्यांच्या सहाव्या भागात ब्रेसल पद्धत दिली आहे. साफ केलेल्या पोलादावर छोटा चिकट पॅच लावायचा, सुईने त्यात शुद्ध पाणी सोडायचं, परत ओढायचं आणि त्यात किती क्षार उतरले ते तपासायचं. पत्रा डोळ्याला लख्ख दिसत असला तरी क्षार मर्यादेबाहेर निघाले की पुन्हा धुलाई, कारण वरच्या रंगाला पुढे फोड येतात. ज्यांनी मीठ आधीच चोळलंय त्यांनी आजच गोड्या पाण्याने, पाइप लावून, कमानीच्या आतूनही भरपूर धुवावं.

कोल्यात फॉस्फरिक आम्ल असतं आणि बऱ्याच रस्ट कन्व्हर्टरमध्येही (गंजाचं घट्ट थरात रूपांतर करणारं रसायन) तेच असतं, एवढं मान्य. पण कोल्यात ते नाममात्र, साखरच जास्त. टूथपेस्ट गंजाच्या खड्ड्यात पोचत नाही, भोवतीच्या चांगल्या रंगावर मात्र ओरखडे पाडते.

नेलपॉलिशबद्दल मेसेज म्हणतो, "हवा बंद झाली की गंज आत मरतो." मरत नाही. गंजाचा थर सच्छिद्र असतो, त्यात ओल आणि हवा आधीच असते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून तर रंग फुगतो. नेलपॉलिशही तसंच उचललं जाईल. दगड लागून नुकताच टवका उडालाय आणि खाली पत्रा चमकतोय, तर टचअप मिळेपर्यंत चालेल, बस.

जळकं ऑइल ओल काही दिवस थोपवतं. पण त्याने चाकांच्या जोडांमधले रबरी बुश फुगतात, ते ब्रेकवर गेलं तर जिवाशी खेळ, आणि पहिल्या पावसात ते धुपून आपल्याच मातीत जातं. नकोच.

काम करायचं तर आधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने डाग दाबून बघा. पत्रा आत गेला किंवा भोक पडलं तर डेंटिंगवाल्याकडे जा. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. पत्रा टणक असेल तर कोरड्या दिवशी जागा धुऊन पूर्ण वाळवा. ८० नंबरच्या सँडपेपरने लख्ख पत्रा दिसेपर्यंत घासा, मग २२० ने रंगाच्या कडा उतरत्या करा. खड्ड्यांत काळे ठिपके उरलेच तर तेवढ्यावर रस्ट कन्व्हर्टर, डब्यावर लिहिलंय तसं. थिनरने पुसल्यावर तिथे बोट लावू नका आणि प्रायमर त्याच दिवशी मारा. उघडा पत्रा कोकणात रात्रभरात पुन्हा तांबूस होतो. पुट्टी लागलीच तर इपॉक्सी प्रायमरनंतर, कारण पुट्टी ओल शोषते. मग रंग. आणि दरवाज्यांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. ती तुंबली की पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून सडत येतो, तिथे बाहेरून काहीही लावलं तरी पोचत नाही.