गॅस तर पेटलेलाच नाही!

वास्तववादी प्रेक्षक व्हायचं मनावर घेतलं असेल तर आधी सोफ्यावरची बैठक बदला. मागं रेलून बसणाऱ्याला वास्तव दिसत नाही, त्याला झोप दिसते. पुढं सरकून, गुडघ्यावर कोपर टेकवून, रिमोट हातात धरून बसायचं. रिमोटचं मागचं झाकण हरवलेलं असेल आणि सेल रबरबँडनं बांधलेले असतील तर फारच छान. मधूनमधून त्यावर दोन चापट्या मारता येतात आणि आपण किती वैतागलोय ते घरच्यांना न बोलता कळतं.

आता खरी मेख. वास्तवाची मागणी सगळीकडं करत बसायची नाही. माणूस दमतो. ती फक्त आपल्या धंद्यापुरती करायची. बाकी सगळं गोड मानून घ्यायचं. हे एकदा जमलं की तुम्ही सिनेमा, मालिका, वेबसिरीज, काहीही बघा, तुमच्याइतका चोखंदळ माणूस गल्लीत सापडायचा नाही.

माझंच सांगतो. मी बँकेत, २८ वर्षं कॅशमध्ये. त्यामुळं नोटांची बॅग दिसली की माझा श्वास अडकतो. परवा एका मालिकेतल्या खलनायिका काकूंनी लॅपटॉपएवढी एक बॅग टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "यात पन्नास कोटी आहेत." मी टीव्ही तिथंच थांबवला. बायकोला म्हटलं, हे बघ, पाचशेची एक नोट साधारण एक ग्रॅमची. शंभर नोटांची गड्डी, दहा गड्ड्यांचं बंडल. एक कोटीला वीस बंडलं, म्हणजे वीसेक किलो. पन्नास कोटी म्हणजे टनभर वजन झालं. त्याला छोटा हत्ती लागेल, आणि तोही चढावर मान टाकेल. या बाई एका हातानं उचलून आणतायत, दुसऱ्या हातानं पदर सावरतायत!

बायको म्हणाली, "चालू करा."

पण खरं दुःख वजनाचं नाही. ज्या अपहरणकर्त्याला पैसे दिले त्यानं बॅग उघडली, मान डोलावली आणि बंद केली. मोजले नाहीत! काउंटर सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी, ही पाटी ज्याच्या डोक्यावर आयुष्यभर टांगलेली, त्याला हे कसं बघवेल? मधल्या एखाद्या गड्डीत ९८ नोटा निघाल्या तर तो अपहरणकर्ता कुणाकडं जाणार आहे?

असा मुद्दा सापडला की तो कधी मांडायचा, यालाही शास्त्र आहे. जाहिरातीत मांडला तर कुणी ऐकत नाही, कारण तेव्हा सगळे कुकर बंद करायला उठलेले असतात. नायिका बारा भागांनंतर पहिल्यांदा आईला मिठी मारते, तो क्षण गाठायचा. आवाज थोडा चढवायचा. सुरुवात "मला एक कळत नाही" अशी करायची. कळत सगळं असतं.

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला गाडी नेण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. सिनेमात नायक गाडी चालवताना शेजारच्या नायिकेकडं बघून गाणं म्हणायला लागला की अण्णा पाय दाबतात. खरोखर दाबतात, जमिनीवर, ब्रेक असतो त्या जागी. "समोर बघ की रे!" मग स्टेअरिंग. सरळ रस्त्यावर हा बाबा स्टेअरिंग डावी-उजवीकडं घुसळतोय, ताक करायला बसल्यासारखा. "असं केलं तर पहिल्या वळणाच्या आतच गाडी उसात जाईल. आणि गिअर कधी टाकला? मघापासून दोन्ही हात वर आहेत." अण्णांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तुम्हाला नुसतं एवढंच सांगतो की हेच अण्णा दवाखान्याच्या प्रसंगात, मशीनवरची रेघ सरळ, डॉक्टर शॉक देऊन थकलेले, आणि सुनेनं देवापुढं घंटा बडवल्यावर सासऱ्याचं हृदय चालू झालं, तेव्हा उपरण्यानं डोळे पुसत होते.

तेव्हा शेजारी वरच्या मजल्यावरच्या सिस्टर बसलेल्या. सरकारी दवाखान्यात नोकरी, रात्रपाळी नसली की साडेसातला आमच्याकडं. त्यांना हुंदका वगैरे आला नाही. त्या म्हणाल्या, "रेघ सरळ झाल्यावर शॉक देत नाहीत हो. शॉक असतो वेडंवाकडं फडफडणाऱ्या हृदयाला. पार थांबलेल्याची छाती दाबायची आणि इंजेक्शन द्यायचं. आणि हा डॉक्टर बघा कसा दाबतोय, कोपर वाकवून, पुरणाला हात लावल्यासारखा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि छाती निदान पाच सेंटीमीटर आत गेली पाहिजे."

"मग तो नट मरेल की," आई म्हणाली.

"बरगडी तर नक्की मोडेल," सिस्टर म्हणाल्या, आणि बशीतली चकली उचलली.

आईचा स्वतःचा विषय वेगळा. स्वयंपाकघर दिसलं की ती चष्मा लावते. नायिका पैठणी नेसून, केस मोकळे सोडून, कढईत उलथनं फिरवत असते. कढईत काय आहे ते कधीच दाखवत नाहीत. आईनं एकदा पुढं होऊन टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं. "गॅस तर पेटलेलाच नाही!" त्या दिवसापासून आमच्या घरात कुठल्याही थापेला हेच म्हणतात. पोरगा म्हणाला अभ्यास झाला, की आतून आवाज येतो, गॅस पेटलाय का बघा आधी.

पण गंमत अशी की आईला त्या पन्नास कोटींच्या बॅगेत काही वावगं वाटत नाही. "असतील त्यांच्याकडं." सिस्टरना स्टेअरिंगचं काही नाही. मला गॅस पेटलेला नाही हे आईनं सांगेपर्यंत कळलंच नव्हतं. मी नायिकेच्या हातचं खाऊन सासरा "वा!" म्हणाला तेव्हा आवंढाही गिळला होता. म्हणून पुन्हा सांगतो, आपलं शेत राखा. दुसऱ्याच्या बांधावर जाऊ नका.

तुमचा असा काही धंदाच नसेल तर घाबरू नका, कायदा घ्या. तो सगळ्यांनाच येतो. मालिकेत कोऱ्या कागदावर एक सही झाली की अख्खा बंगला, कारखाना आणि गावाकडची जमीन काकूंच्या नावावर. तुम्ही शांतपणे विचारायचं, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन कुणी काढलं? दोन साक्षीदार कोण? अंगठा, फोटो? त्या दिवशी सर्व्हर चालू होता, हे तर कुणीच मानणार नाही. वर जाता जाता टाकायचं की महाराष्ट्रात राहतं घर बायकोला, मुलाला किंवा नातवंडाला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक फक्त २०० रुपये लागतो, आणि सून त्या यादीत बसते ती नवरा वारल्यावरच. ही तरतूद एकाही खलनायिकेच्या ध्यानात कशी आली नाही, हे मला खरंच कोडं आहे. लेखकांनी फुकट घ्यावी.

लग्नाचंही तेच. वीज कडाडली, नायक घसरला, हातातलं मंगळसूत्र तिच्या गळ्यात पडलं, झालं लग्न! पुढचे तीनशे भाग दोघं "आता काहीही झालं तरी" म्हणून रडतायत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा काढून दाखवायचा. जिथं सप्तपदीची रीत आहे तिथं सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. हे दोघं तर एका जागी पुतळ्यासारखे उभे आहेत आणि कॅमेराच त्यांच्याभोवती फिरतोय. फेरे कुणी घेतले असतील तर कॅमेऱ्यानं.

आणि ३०२! इन्स्पेक्टरनं छाती काढून "कलम ३०२ खाली तुला अटक करतोय" म्हटलं की हळूच हसायचं. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली. आता खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि नव्या ३०२ मध्ये काय आहे, तर मुद्दाम धार्मिक भावना दुखावणारं बोलणं. म्हणजे प्रेत जमिनीवर, रक्ताचं थारोळं, आणि साहेब आरोपीला विचारतायत की तू काय बोललास. सिनेमावाल्यांचा तरी काय दोष म्हणा. पन्नास वर्षं घासलेला संवाद. "एकशे तीन"ला तो दणका नाहीच.

आमचा एक वकीलमित्र आहे. त्याच्याबरोबर कोर्टाचा प्रसंग बघणं ही शिक्षाच. आपल्या कोर्टात न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, साक्षीदार गीतेवर हात ठेवून शपथ घेत नाहीत, वकील पिंजऱ्यापाशी येरझारा घालत शेर म्हणत नाहीत. सगळं बरोबर. जन्मभर त्याची एकच मागणी, खरं कोर्ट दाखवा. मग चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' आला, राष्ट्रीय पुरस्कार मिळवून आला, आणि मी मोठ्या हौसेनं त्याला घेऊन गेलो. पडद्यावर बिनबाह्यांचे कपडे घालून आलेल्या बाईचं प्रकरण न्यायाधीश ऐकूनच घेत नाहीत, सरकारी वकीलबाई कलमं वाचतायत, वाचतायत, पुढची तारीख पडते, पुन्हा पुढची. मला घाम फुटला. शेजारी बघितलं तर हा घोरतोय. शेवटी पडद्यावरचे न्यायाधीशही सुट्टीत बागेच्या बाकावर डुलकी काढायला लागले. बाहेर आल्यावर म्हणतो, "यात काय बघायचं? हे तर मी रोजच बघतो." आणि रिक्षात बसल्या बसल्या "तारीख पे तारीख" गुणगुणायला लागला.

यावरून धडा घेऊ नका. उलट त्याच्याकडून शिका. वास्तव मागायचं असतं, बघायचं नसतं.

आवाजाबद्दलही बोलून घेतो, कारण तो कुणाच्याच धंद्यात येत नाही. कुणी "ती परत आलीय" म्हटलं की धडाम्, धडाम्, धडाम्, एकेका चेहऱ्यावर एकेक. आजी, काका, काकू, कुत्रा असेल तर कुत्रासुद्धा. तुम्ही म्हणायचं, १९३७ साली व्ही. शांतारामबापूंनी पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीत, 'कुंकू' सिनेमा केला तो पार्श्वसंगीताशिवाय. नुसते घरातले, रस्त्यावरचे आवाज. तेवढ्यावर लोकांच्या अंगावर काटा आला. हे वाक्य झालं की दोन सेकंद थांबा. घरचे "हो का?" म्हणतील. तेवढ्यात धडाम् होईल.

एका बाबतीत मात्र सांभाळून. जे प्रश्न आपल्या सोफ्यावर कुणाच्याच धंद्यात बसत नाहीत ते विचारू नका. त्या बंगल्यातले पुरुष नेमका कसला "बिझनेस" करतात? ते सारखं "डील" जे होतंय ते कशाचं आहे, साबणाचं की सिमेंटचं? पगाराची तारीख, बिल भरायची शेवटची तारीख, गॅसच्या नंबरला किती दिवस झाले, हे कुणाच्या तोंडी का येत नाही? एकदा असंच चाललं होतं आणि आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी दारात केरसुणी घेऊन उभ्या राहून बघत होत्या. पडद्यावर पूजेचं ताट पडलं. ते आठवड्यातून दोनदा पडतंच. कुंकू सगळ्या पांढऱ्या फरशीवर पसरलं, सगळे त्याकडं घाबरून बघतायत, अपशकुन, धडाम्.

मावशी म्हणाल्या, "ते निघत नाही. पांढऱ्या फरशीत बसतं ते. कोण पुसणार?"

कुणी काही बोललं नाही. मालिकेत दुसऱ्या दिवशी फरशी स्वच्छ होती.

आता तळमजल्यावरच्या काकांचं सांगून उठतो. गेल्या श्रावणात जिन्यात कोसळले. डोळे पांढरे, श्वास नाही. सिस्टर वरून धावत आल्या, गुडघ्यावर बसल्या, कोपर ताठ, आणि सुरू. मोजत होत्या, मोठ्यानं. कुणीही "नाही!" म्हणून किंचाळलं नाही. थोरला मुलगा अँब्युलन्ससाठी १०८ ला फोन लावत होता, धाकटा त्यांचे खिसे चाचपत विचारत होता, "मेडिक्लेमचं कार्ड कुठं ठेवलंय?" चहाचा गॅस बंद केला का, हे काकू दोनदा आत जाऊन बघून आल्या. आणि मध्येच एक आवाज आला, ओली फांदी मोडल्यासारखा. सिस्टर थांबल्या नाहीत.

काका वाचले. तीन आठवड्यांनी काठी टेकत आमच्याकडं आले, साडेसातलाच. सोफ्यावर जपून बसले, सिस्टरच्या शेजारी. पडद्यावर कुणीतरी कुणाची तरी छाती कोपर वाकवून दाबत होतं. चार वेळा दाबल्यावर पेशंटनं डोळे उघडून बायकोचं नाव घेतलं.

"बघा," काका बरगडीवर हात ठेवून म्हणाले, "किती हलक्या हातानं करतात. तुम्ही दोन मोडल्या माझ्या."

सिस्टर काही बोलल्या नाहीत. एवढ्यात प्रसंग बदलला, खलनायिका काकूंनी एका हातानं बॅग उचलून गाडीत टाकली. मी पुढं सरकलो, रिमोट उचलला, तोंड उघडलं.

"दादा," सिस्टर म्हणाल्या, "एवढं होऊ द्या हो."