‘विज्ञानाला रंग नसतो’ म्हणे!

मावशीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज एव्हाना तुमच्याकडेही पोचला असेल. तिचा नातू यंदा न्यू जर्सीत प्री-स्कूलला जायला लागलाय, त्यामुळे अमेरिकेचं सगळं तिच्याकडे आधी येतं. मेसेजचा मथितार्थ असा : अमेरिकेत बालविकासाच्या क्षेत्रात आता कातडी बघून संशोधकांचे सत्कार होतात, विज्ञानाला रंग नसतो, लहान मुलांना तर रंग कळतही नाही, हे मोठ्यांचं खूळ, आणि ज्या बाहुल्यांच्या प्रयोगाचा एवढा उदोउदो झाला तो कधीच खोटा ठरलाय. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

लहान मुलांना रंग कळत नाही, हे आधी घेतो. यातला सगळ्यात खुळचट मुद्दा हाच, आणि सगळ्यात घातकही.

मेमी फिप्स क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1939 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात एम.ए.चा प्रबंध लिहिला तोच मुळी शाळेआधीच्या वयातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या आत्मभानावर. पुढे पती केनेथ यांच्याबरोबर तीन ते सात वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. साच्याने सगळ्या सारख्या, फक्त कातडी आणि केस वेगळे. गोरी कुठली, सावळी कुठली, हे नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी बरोबर सांगितलं. खेळायला कुठली हवी? 67 टक्के मुलांनी गोरी उचलली. वाईट दिसणारी कुठली, तर 59 टक्क्यांनी सावळीकडे बोट दाखवलं. आणि ‘तुझ्यासारखी दिसणारी दे’ म्हटल्यावर काही लेकरं रडत खोलीबाहेर पळाली. कळत नाही म्हणे! मावशी, याच नातवाच्या बारशाला आपण सगळे पाळण्याभोवती काय बोलत होतो? ‘रंग आईवर गेलाय, बरं झालं.’ मूल तेच ऐकत मोठं होतं.

आणि मुलाला कळो न कळो, शाळेला कळतं. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेले 2011-12 चे आकडे बघा. सरकारी प्री-स्कूलमधल्या मुलांत कृष्णवर्णीय 18 टक्के, पण एकाहून जास्त वेळा निलंबित झालेल्यांत 48 टक्के. चार वर्षांच्या पोराचं निलंबन! शेंबूड पुसता येत नाही त्या वयात.

बाहुल्यांचा प्रयोग खोटा ठरला का? इथे मेसेजवाल्याच्या हाती एक दाणा लागलाय, तो देऊन टाकतो. यातली 134 मुलं दक्षिणेतल्या वेगळ्या, फक्त कृष्णवर्णीयांच्या शाळांतली होती आणि 119 मॅसॅच्युसेट्समधल्या मिश्र शाळांतली. गोऱ्या बाहुलीची ओढ मिश्र शाळांतल्या मुलांत थोडी जास्तच निघाली. म्हणजे वेगळ्या शाळांमुळेच हे होतं, असं या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. टीकाकारांनी हे दाखवलंय, आणि ते बरोबर आहे. पण यातून मुलांना रंग कळत नाही हे कुठून निघालं? शाळेची भिंत पाडली तरी ते विष बाहेर होतंच, एवढंच निघतं.

विज्ञानाला रंग नसतो, हे वाक्य मेमीबाईंना ऐकवायला हवं होतं. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे पीएचडीचे मार्गदर्शक होते हेन्री गॅरेट. 1946 मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झालेले हे गृहस्थ पुढे व्हर्जिनियातल्या खटल्यात वेगळ्या शाळांच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून साक्षीला उभे राहिले. त्याच खटल्यात त्यांच्या विरुद्ध साक्ष द्यायला मेमीबाई. 1943 मध्ये पीएचडी मिळाल्यावर त्यांना मनाजोगतं काम मिळेना. मग 1946 मध्ये मेमी आणि केनेथ यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत नॉर्थसाइड हे मुलांच्या मानसिक विकासाचं केंद्र काढलं. तिथे तपासल्यावर कळलं, की ‘मतिमंद’ म्हणून वेगळ्या वर्गात बसवलेली कितीतरी मुलं मुळात तशी नव्हतीच.

उरला सत्कारांचा मुद्दा. हे कोट्यातून मिळतं असं म्हणणाऱ्याने व्हॉनी मॅक्लॉइड या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम उघडून बघावं. आईबापांची नोकरी गेली, गरिबी आली, की घरातल्या मुलांचं काय होतं, हा त्यांचा विषय. 1996 मध्ये त्यांना मॅकार्थर फेलोशिप, म्हणजे अमेरिकेतला एक मोठा मान, मिळाली. आणि सत्कार फार होतात म्हणता? सरकारी शाळांत वर्णावरून मुलं वेगळी बसवणं घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या ब्राऊन खटल्याच्या निकालपत्रातली तळटीप 11 काढा. सर्वोच्च न्यायालयाने तिथे मानसशास्त्राचा आधार दिलाय, आणि यादीत पहिलं नाव आहे के. बी. क्लार्क. बाहुल्यांचं मूळ काम मेमीचं, आपण त्यात मागाहून शिरलो, हे केनेथ स्वतःच सांगत. मेमीबाईंचं नाव त्या तळटिपेत नाही.