रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून मी खोटी?

"थायरॉईड निघाला असता तर बरं झालं असतं," असं म्हणणाऱ्या बायका मला गेल्या काही वर्षांत इतक्या भेटल्यात की आता त्याचं नवल वाटत नाही. मीही त्यातलीच. आजार हवासा वाटावा हे विचित्रच, पण जाड बाईला त्यामागचं गणित लगेच कळतं. थायरॉईड असला की लोक म्हणतात, "बिचारीला थायरॉईड हाय." रिपोर्ट नॉर्मल आला की तीच माणसं तुमच्या ताटाकडं बघायला लागतात.

माझा टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, २.१ आला. नॉर्मल म्हणजे साधारण ०.४ ते ४.०. पुन्हा केला तेव्हाही तसाच. नणंदेनं कागद वाचला, घडी घालून परत पाकिटात सरकवला आणि म्हणाली, "मग वहिनी, खाणंच कुठंतरी चुकतंय तुमचं." वाईट हेतूनं नाही हो म्हणाली. पण त्या 'मग'मध्ये सगळं आलं. सकाळी इथं कोल्हापुरात रंकाळा तलावावर चालणं, रात्रीचा बंद केलेला भात, लग्नाच्या पंगतीत हात आडवा धरून नाकारलेली जिलेबी, सगळं एका कागदानं खोटं ठरलं.

आधी थायरॉईडचंच सांगते, कारण आपल्याकडं त्या एवढ्याशा ग्रंथीवर सगळा भार टाकलेला आहे. ती कमी काम करायला लागली की वजन वाढतं हे खरं. पण किती? बहुतेकांचं दोन ते पाच किलो, आणि त्यातही बराचसा भाग अंगात साठलेल्या मिठाचा आणि पाण्याचा. म्हणजे ज्या बाईचं वजन वीस किलोंनी जास्त आहे, तिचा रिपोर्ट बिघडलेला आला असता तरी उरलेल्या पंधरा किलोंचं उत्तर त्यात नव्हतंच. आणि रिपोर्ट चांगला असताना "थोडी थायरॉईडची पंचवीसची गोळी घेऊन बघा, वजन उतरतंय" असं सांगणारे जे असतात, त्यांचं अजिबात ऐकू नका. गरज नसताना ती गोळी घेतली की छातीत धडधड, ठोके अनियमित, वर हाडं ठिसूळ व्हायची भीती.

माझा भाचा फिजिओथेरपी शिकतो. त्यानं एक अभ्यास आणून दिला. "मावशी, रागावू नको, पण हे वाच." १९९२ सालचा, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला. 'आम्ही बाराशे कॅलरींच्या आत खातो तरी वजन उतरत नाही' असं सांगणाऱ्या माणसांना घेऊन त्यांच्या शरीरात खरोखर किती ऊर्जा खर्च होते ते मोजलं. खर्च जेवढा असायला हवा तेवढाच निघाला. खाणं मात्र ती माणसं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. भाच्याला वाटलं, मावशी आता गप्प बसणार.

मला त्या अभ्यासाचं काही वावगं वाटत नाही. राग येतो तो त्याचा दंडुका करून फिरणाऱ्यांचा. आमच्या स्वयंपाकघरात येऊन कुणीतरी मोजून दाखवावं! सात माणसांची एक कढई. फोडणीचं तेल सासूबाई किटलीतनं अंदाजानं ओततात. वांग्यात शेंगदाण्याचं कूट मुठीनं पडतं, वर तर्री दिसली नाही तर ती भाजी आजाऱ्याची. त्या कढईतली एक वाटी माझ्या ताटात आली, तिच्यात तेल किती ते सांगा. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. आणि तासभर झपझप चालून माझ्यासारखीच्या जळतात जेमतेम अडीचशे ते तीनशे. दोन चमचे तेल इकडचं तिकडं झालं की सकाळचा रंकाळा वजा. हे कुणी लपवत नाही, हे कुणाला दिसतच नाही. आणि डाएटच्या छापील कागदावर काय असतं? 'भाजी, १ वाटी.' (गुळाबद्दल कोल्हापुरात बोलायची सोय नाही, पण बोलून टाकते. आमचा गूळ जगात भारी, तरी ग्रॅममागं कॅलरी साखरेएवढ्याच. 'गुळाचं आहे, चालतंय' असं काही नसतं.)

दुसरी बाजू भाच्यानं आणली नव्हती, ती मी त्याला दिली. अमेरिकेत वजन उतरवायच्या स्पर्धेचा एक टीव्ही कार्यक्रम चालायचा. त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, ते निष्कर्ष २०१६ मध्ये आले. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं होतं. तरी त्यांचं शरीर, त्या आकारमानाला जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरसुद्धा! आणि २०११ चा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आहे. पन्नास जणांना दहा आठवडे कडक डाएटवर ठेवलं आणि वर्षानं रक्त तपासलं, तर भूक वाढवणारे हार्मोन अजून चढेच आणि पोट भरल्याचं सांगणारे उतरलेलेच. म्हणजे वजन कमी केलेल्या माणसाला भूक जास्त लागते आणि तो जाळतो कमी. हे मोजून दाखवता येतं. याला 'मनावर ताबा नाही' म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता डॉक्टरांकडं येते. शहरातल्या एका चांगल्या मोठ्या दवाखान्यात मला दोन मिनिटं मिळाली. "थायरॉईड नॉर्मल आहे. भात बंद करा, चाला." भात बंद होता आणि मी चालतच होते, पण ते सांगायच्या आत पुढचा नंबर पुकारला गेला.

नंतर एका डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी काट्यावर उभं करायच्या आधी प्रश्न विचारले. झोप किती होते? घोरता का, हे घरच्यांना विचारलंय का? सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का? पाळी कशी येते, आधी पीसीओडी (बीजकोशात गाठी, पाळी अनियमित) होतं का? कुठल्या गोळ्या चालू आहेत? आईला शुगर होती का? तेव्हा कळलं की स्टेरॉईड, इन्सुलिन, फिट्सची आणि मनाच्या आजाराची काही औषधं वजन वाढवतात. (पण तेवढ्यासाठी ती आपल्या मनानं बंद करायची नसतात, पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारायचं.) झोप अपुरी असली की भूक वाढते. पाळी जायच्या वयात चरबी मांड्यांकडून पोटाकडं सरकते. यातलं एकही थायरॉईडच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही.

मग त्या उठून माझ्या मागं आल्या, अंबाडा वर धरला आणि मानेवरून बोट फिरवलं. तिथं एक काळपट, जरा जाडसर पट्टा आहे. आमच्या घरात सगळे तो मंगळसूत्र घासून पडलेला डाग समजतात. लिंबू लावून झालं, बेसन लावून झालं. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते, हे तिथं पहिल्यांदा कानावर आलं. नंतर टेप काढला. साडीवरून नाही, परकराची नाडी सैल करायला लावून कातडीवर टेप टेकवून कंबर मोजली. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटीमीटरच्या वर धोका, पुरुषांना ९० च्या वर. माझी ९४. तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

आज तोच आकडा ५.६ आहे. कंबर ८९. बीपी खाली आलंय, जिने चढताना दम लागत नाही. आणि वजन? दोन किलो उतरून तिथंच अडलंय, हलायला तयार नाही. आता हळदीकुंकवाला भेटणारी प्रत्येक बाई मला विचारते, "किती उतरलं गं?" दोन म्हटलं की चेहऱ्यावर सहानुभूती येते. ६.१ चे ५.६ झाले हे सांगायला लागले की तिला तिळगूळ वाटायची आठवण होते.

वजनकाटा किती कमी सांगतो याचं एक मराठी उदाहरण देते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांचा फोटोही २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. वरून सडपातळ, आतून चरबी, हा आपल्या लोकांचा गुण. म्हणून तर भारतीयांसाठी बीएमआयची रेघ २५ वरून २३ वर आणलेली आहे. तुमच्या घरातल्या त्या 'काहीही खा, अंगाला लागत नाही'वाल्या काटकुळ्या भावजींचीही शुगर तपासून घ्या, एवढंच सुचवते.

आणि हे कोल्हापूरला समजावून सांगावं लागतंय याची मला गंमत वाटते. शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्त्यांचं खासबाग मैदान उभं केलं ते हे गाव. इथल्या पोरालासुद्धा नव्वद किलोंचा पैलवान आणि नव्वद किलोंचा क्लार्क यातला फरक लांबनं कळतो. पण बाई दिसली की सगळ्यांना फक्त काटा आठवतो. पुरुषाचं पोट सुटलं तर तो खात्यापित्या घरचा गडी. बायकोचं अंग सुटलं तर "जरा मनावर घे की." तांबडा-पांढरा वाढणारी तीच, तर्रीचा आग्रह धरणारा तो, आणि डाएट तिचं!

वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल विचारणा होतेच. मौंजारो आपल्याकडं मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये. वेगोव्हीतल्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, आणि बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोनतृतीयांश परत आलं. मळमळ, उलट्या होतात. घरात कुणाला थायरॉईडचा एक विशिष्ट कॅन्सर झालेला असेल तर ती देत नाहीत. मी घेत नाही, मला परवडत नाही हे पहिलं कारण. पण माझी एक मैत्रीण घेते. ती म्हणाली, "अगं, लोकांना अर्धी भाकरी ताटात ठेवून उठता येतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं." ज्यांना जन्मापासून अर्ध्या भाकरीवर उठता येतं त्यांनी त्याचं श्रेय स्वतःच्या संयमाला देऊ नये.

तर, ज्यांचा थायरॉईड नॉर्मल आलाय त्यांनी पाकीट कपाटात टाकू नका. कंबर, शुगरची सरासरी, बीपी, झोप आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन पुन्हा जा आणि दोन मिनिटांत उठू नका.

कमेंटमध्ये जिरेपाणी, दालचिनी, कोमट पाण्यात लिंबू वगैरे लिहू नका, ते सगळं पिऊन झालंय. दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी, हे भांडणही इथं नको. एक माहिती मात्र हवी आहे. चाळिशीनंतर स्नायू झडायला लागतात आणि नुसत्या चालण्यानं ते भरून येत नाहीत, वजनं उचलावी लागतात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. राजारामपुरी किंवा मंगळवार पेठेच्या आसपास, ऑफिस सुटल्यावर सातच्या पुढं, साध्या बायकांना नीट शिकवणारी जिम कुणाला माहीत आहे का? झुंबा नको. फी किती ते पण लिहा.